नऊ नंबरचा नंबर

१४ मे
सीझन संपला. अठरा संघांत आपले निळे सोळावे. लोक खालून तिसरे म्हणतात. मी वरून मोजतो.
आजपासून रडणं बंद. आता तीन महिने सामने नाहीत, म्हणजे संघ सुधारायला मोकळा वेळ. क्लबला कोणीतरी नीट सांगायला हवं. बत्तीस वर्षं त्याच स्टँडमध्ये बसतोय, तेवढ्यात कोच अकरा झाले. मग अनुभव कोणाचा जास्त?
ठराव: (१) कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाला आणायचं याचा संपूर्ण आराखडा महिनाअखेर क्लबला पोस्टाने. (२) घरात फुटबॉलवरून आवाज चढवायचा नाही. (३) चहात साखर निम्मी.
साखरेचं उद्यापासून.

१६ मे, सकाळी ६
गोलकीपर: ठेवावा. खांबासारखा उभा राहतो, पण खांबाला लागूनही चेंडू परत येतोच.
कप्तान: वय झालं. मान द्यावा, बाकावर बसवावा.
डावा बॅक: पिवळ्यांच्या वाटेवर आहे म्हणतात. नदीपलीकडच्या त्या लोकांकडे कोण जातं? जाऊ देऊ नये. बांधून ठेवावा.
नऊ नंबर: इथे खरी गोम आहे. उघड्या गोलसमोर अकरा संधी घालवल्या. चेंडू दर वेळी डावीकडून बाहेर. असं कसं होतं?

१९ मे
सापडलं!
चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षं लेन्स घासतोय, ती काही हवेत गेली नाहीत. सगळी जुनी रेकॉर्डिंग लावली. टीव्ही थांबवून पडद्यावर डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायची पट्टी धरली. प्रत्येक शॉट चार अंश तिरका. निदान पक्कं: डोळ्याला तिरपा नंबर. माणसाला गोलपोस्ट जिथे दिसतो तिथे तो नाहीच.
शेजारच्या सलूनवाल्याला लगेच जाऊन सांगितलं, नऊ नंबरला नंबर आहे. तो म्हणाला, असणारच, नऊ. मी म्हटलं, अरे डोळ्याचा. तो म्हणाला, डोळ्याचा नऊ नंबर म्हणजे फारच जाड भिंग. दाढी अर्धी ठेवून समजावत बसलो. पालथ्या घड्यावर पाणी.
लेकीचं मत वेगळं. म्हणाली, डोळ्याचं काही नाही, उजवा घोटा दुखतोय त्याचा, पाय टेकवताना बिचकतो बघ. ती फिजिओथेरपिस्ट आहे, हॉस्पिटलात म्हाताऱ्यांना जिने चढायला शिकवते. प्रेमाने सांगितलं की बाळा, आजोबांचे गुडघे वेगळे आणि स्ट्रायकर वेगळा. ती उठून आत गेली. पटलं असावं.

३० मे
आराखडा पोस्टात टाकला. चौदा पानं. मांडणीची चित्रं रंगीत पेन्सिलीने काढली, म्हणजे कोचला एका नजरेत कळेल. नऊ नंबर ताबडतोब सोडावा, हे लाल रंगात, दोनदा अधोरेखित.
बायको म्हणाली, लेक काहीतरी सांगायचं म्हणते आहे, जरा बसा. म्हटलं, आज पोस्ट लवकर बंद होतं.

६ जून
लेकीला नवी नोकरी लागली. नदीपलीकडे. हॉस्पिटल नाही, खेळाडूंचं काम आहे म्हणाली. आनंद झाला. कोणते खेळाडू हे विचारणार होतो, तेवढ्यात रेडिओवर डाव्या बॅकची बातमी आली. पिवळ्यांशी बोलणी सुरू.
जेवताना स्पष्टच सांगितलं, या घरात एक तत्त्व आहे. जो पिवळ्यांकडे गेला, तो आपल्याला मेला. मग तो कितीही जवळचा असो.
लेकीचा घास हातातच राहिला. मग ताट उचलून उठली. बायकोने माझ्याकडे बघितलं. ही नजर मला ओळखीची आहे, पण तिचा अर्थ तीस वर्षांत लागलेला नाही.
मुलीला बापाची तत्त्वं एवढी भिडतात याचा अभिमान वाटला.
आवाज थोडा चढला होता. ठराव क्रमांक दोन उद्यापासून परत.

२० जून
क्लबचं उत्तर आलं! निळं पाकीट, वर छापील चिन्ह. कात्रीने जपून उघडलं.
‘छोट्या दोस्ता, तुझी रंगीत चित्रं आम्हा सगळ्यांना खूप आवडली. असाच खेळत राहा आणि शाळेत अभ्यास कर.’ सोबत एक स्टिकर.
दोन शक्यता. एक, ऑफिसातल्या माणसाची पाकिटं बदलली. दोन, माझा आराखडा इतका गोपनीय ठरला की असं उत्तर देणं भाग पडलं. मला दुसरी जास्त पटते.
स्टिकर कपाटाला लावलं.

३ जुलै
जिंकलो! क्लबने नऊ नंबर विकला. लाल रंग, दोनदा अधोरेखित, उगाच नाही.
विकला पिवळ्यांना. म्हणजे दुधात साखरच. नदीपलीकडच्यांच्या गळ्यात आपला धोंडा. डावा बॅक मात्र राहिला. एका पत्रात दोन कामं.
लेकीला बातमी दिली तर हसली. कितीतरी दिवसांनी हसली. विचारलं, बाबा, त्याच्या डोळ्याबद्दल तुझी अगदी खात्री आहे ना? म्हटलं, डोळ्याच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा.
तिचं हल्ली काहीतरी बिनसलंय. पूर्वी माझ्या शेजारी बसून रेकॉर्डिंग बघायची, मध्येमध्ये चिडवायची. आता माझ्याशी पावसापाण्याचं बोलते आणि खोलीत जाते. मला करमत नाही. नवीन नोकरी आहे, दमत असेल.

११ जुलै
घात झाला.
सलूनमध्ये गेलो तर आरशामागच्या खुंटीवर पिवळं जॅकेट. छातीवर नदीपलीकडच्यांचं चिन्ह. विचारलं, हे कोणाचं? सलूनवाला ताकास तूर लागू देईना. गिऱ्हाइकाचं आहे म्हणाला, मग ठेवायला दिलंय म्हणाला, मग म्हणाला, तुम्ही घरी जरा विचारा. माझ्या घरी पिवळं जॅकेट कोणाचं असणार? पडदे पिवळे आणले होते तेसुद्धा परत करायला लावले होते मी.
वीस वर्षांची दोस्ती. दर शनिवारी एकाच बाकावर बसून आम्ही हरलो. आणि हा आतून पिवळा.
संबंध संपले. अर्धे कापलेले केस तसेच घेऊन निघालो.

१२ जुलै
बायकोने विचारलं, हे काय डोकं करून घेतलंय. सांगितलं सगळं. ती म्हणाली, अहो, ते जॅकेट त्याचं नाही, जरा शांतपणे ऐका. म्हटलं, गद्दाराची बाजू घेऊ नकोस. तिने हात जोडले आणि भाजी चिरायला घेतली.
दुसरं सलून चौकापलीकडे. तिथला माणूस क्रिकेटवर बोलतो.

२५ जुलै
दुकानात कटकट. या महिन्यात माझ्या हातचे सात चष्मे परत आले. लेन्स फिरली आहे, जमीन तिरकी दिसते, अशी तक्रार. एक बाई तर म्हणाल्या, जिना डावीकडे कलतो. मालकांना सांगितलं की घासायचं मशीन जुनं झालंय. मालक म्हणाले, तेच मशीन माझा मुलगाही वापरतो. म्हटलं, मशीनचा माणूस बघून मूड बदलतो.

२ ऑगस्ट
आज मालकांनी मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. हनुवटी टेकवा, अक्षरं वाचा. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांना हे सांगतोय. वाचली. मालकांनी परत वाचायला लावली. मग म्हणाले, उजव्या डोळ्याला तिरपा नंबर आहे, तुम्हाला काही महिने तरी जग कललेलंच दिसत असणार.
स्वतःचा चष्मा स्वतः बनवायला घेतला. मालकांनी तो हातातून काढून मुलाकडे दिला.

३ ऑगस्ट
नवा चष्मा. घरातल्या सगळ्या तसबिरी सरळ आहेत. मीच इतके दिवस त्या रोज सकाळी वाकड्या करत होतो, असं बायको म्हणते.
कुतूहल म्हणून रेकॉर्डिंग लावलं. नऊ नंबर. शॉट तिरका नाही, तोकडा आहे. चेंडूत जोर नाही. आणि उजवा पाय टेकवताना चेहरा किंचित आवळतो. परत परत बघितलं.
रेकॉर्डिंग जुनं आहे. चित्र धड नाही. तेवढ्यावरून घोट्याचं म्हणणं घाईचं ठरेल.
लेकीला हे दाखवावं असं वाटलं. पण ती घरी नव्हती. रविवारीसुद्धा काम.

१७ ऑगस्ट
उद्या पहिला सामना. पिवळ्यांच्या मैदानावर. तिकीट आहे, आवाज आहे, नवा चष्मा आहे. शेजारी सलूनवाला नसेल, पण लढाया एकट्यानेही लढाव्या लागतात.
संध्याकाळी लेक खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “बाबा, उद्या तू येऊ नकोस.”
म्हटलं, का? तर तिचे डोळे भरून आलेले. माझ्या बीपीची केवढी काळजी करते. म्हटलं, गोळी घेऊनच जाईन. ती निघून गेली.
केस मानेवर आलेत. चौकापलीकडच्याकडे जायचा कंटाळा.

१८ ऑगस्ट, संध्याकाळी ७
घटनाक्रम जसाच्या तसा लिहितो. डोकं थंड आहे.
बाविसाव्या मिनिटाला नऊ नंबरने गोल केला. आमच्यावर. उजव्या पायाने, वीस पावलांवरून. एकतिसाव्या मिनिटाला आणखी एक. पाय टेकवताना बिचकला नाही. आमच्या स्टँडमध्ये सगळे विचारत होते, याला कोणी विकलं? मी बुटाची नाडी बांधत होतो.
दुसऱ्या हाफमध्ये आमच्या डाव्या बॅकने त्याला पाडलं, नेमकं आमच्या स्टँडसमोर. तो उठेना. आमचे लोक ओरडायला लागले, नाटक, नाटक. मीही ओरडलो. पिवळं जॅकेट घातलेली एक मुलगी बॅग घेऊन पळत आली. आमच्या लोकांनी तिलाही सोडलं नाही. मी तिच्यासाठी काहीतरी ठेवणीतलं म्हणायला तोंड उघडलं.
ती डावा खांदा पुढे काढून पळत होती. चार वर्षांची असल्यापासून अशीच पळते.
चष्मा नवा आहे. शंकेला जागा नव्हती.
तिने त्याचा घोटा हातात घेतला, आणि आजूबाजूला एवढी शिवीगाळ चालू असताना मानसुद्धा वर केली नाही. मागे कोणीतरी तिला उद्देशून एक शब्द वापरला.
मी शांत होतो. दोनतीन टाळ्या वाजवल्या, त्याही बसूनच. नंतर गर्दीचा त्रास व्हायला लागला म्हणून सामना संपायच्या आधी बाहेर पडलो.

१८ ऑगस्ट, रात्री ८
ती आली. जॅकेट घडी करून पिशवीत लपवलेलं. दारातच उभी, चपला न काढता. बायको माझ्याकडे बघत होती. नजरेचा अर्थ या वेळी कळला.
संध्याकाळभर घोकून ठेवलं होतं. आपलेच दात आपलेच ओठ, वगैरे. तोंडातून निघालं भलतंच.
म्हटलं, “जॅकेट सलूनमध्ये कशाला ठेवतेस? इथे खुंट्या नाहीत का?”
ती रडायलाच लागली. तीन महिने सांगायचा प्रयत्न करत होती म्हणाली. सहा जूनच्या माझ्या तत्त्वानंतर धीरच झाला नाही, रोज वाटायचं आज कळेल आणि बाबा बोलणं टाकेल. मीही रडलो, पण ते नव्या चष्म्यामुळे. सुरुवातीला डोळ्यांना पाणी येतंच.
मग मी विचारलं, नऊ नंबरला सावरायला किती दिवस लागतील? तर म्हणाली, पेशंटबद्दल बाहेर बोलता येत नाही.
मी बाहेरचा! पण बरोबर आहे तिचं. शिस्त आहे.

१९ ऑगस्ट
सकाळी सलूनमध्ये गेलो. माफी मागायची होती. सलूनवाल्याने खुर्ची फिरवली, टॉवेल बांधला आणि भरल्या सलूनला कालचं सांगितलं. तो चार ओळी मागेच बसला होता.
त्याच्या म्हणण्यानुसार मी बसलेलो नव्हतो. खुर्चीवर उभा होतो. मागच्या माणसाची कॉलर माझ्या एका हातात होती. आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणत होतो, “अगं हळू पळ, पडशील!” मग वळून सगळ्या निळ्यांना, “माझी मुलगी आहे ती, खबरदार!” गर्दीचा त्रास होऊन मी बाहेर पडलो नाही. दोन गणवेशवाल्यांनी मला काखेत धरून नेलं, तेव्हाही मी टाळ्या वाजवत होतो.
सलूनवाला तिखटमीठ लावतो, हे सगळ्यांना माहीत आहे.
कोणी किती गोलांनी जिंकलं हे त्यालाच विचारावं लागलं. चार-शून्य. हरलो.

घरी आल्यावर लेक म्हणाली, पुढच्या सामन्याला ये, चालेल. फक्त ओरडू नकोस, माझे सगळे सहकारी विचारत होते.
ठराव: पुढच्या सामन्याला तोंडातून अक्षर काढायचं नाही.
तिच्या बुटांचे तळवे बघितले. पार गुळगुळीत झालेत, आणि त्या मैदानावर सामन्याआधी पाणी मारतात. कोणाला तरी सांगायला हवं. पिवळ्यांच्या क्लबला पत्र लिहायला घेतलंय, साध्या पेनने.