सत्तेचाळीस नंबरचा मास्क

सोमवार, ३ तारीख

१. नऊला दहा मिनिटं कमी असताना रुजू झाले.
२. टेबल खिडकीजवळचं मिळालं. खुर्ची वरखाली होते, आणि वर केली की वरच राहते.
३. माझ्याकडे दोनशे बारा रुग्ण आहेत. आजार सगळ्यांचा एकच: झोपेत श्वास अडतो. सगळ्यांच्या उशाशी आमच्या कंपनीचं मशीन आहे. ते मास्कमधून हवा दाबाने आत सोडतं आणि घसा मिटू देत नाही.
४. मशीन प्रत्येक श्वास मोजतं आणि फोनमधल्या ॲपला कळवतं. ॲप मला कळवतं.
५. दिवसातून किमान चार तास मास्क लावला जातोय ना, हे मी बघायचं. जे लावत नाहीत त्यांच्या मागे लागायचं.
६. वीस वर्षं वॉर्डात काढून इथे आलेल्या एक बाई शेजारी बसतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. दुपारपर्यंत त्यांनी माझं नाव 'नवी' ठेवून टाकलं.

दिवस चांगला गेला. घरी येताना उगीचच एक स्टॉप आधी उतरले आणि चालत आले.

गुरुवार, ६ तारीख

माझ्या यादीत सर्वात खाली क्रमांक ४७ आहे. टँकर चालवतो. रात्रभर गाडीवर, दिवसा झोप. झोपेत तासाला अडतीस वेळा श्वास थांबतो. मास्क लावतो तो वीस मिनिटं, फार तर पंचवीस. त्याच्या मालकांचा नियम आहे की महिन्याच्या अहवालात चार तासांची सरासरी दिसली नाही तर टँकर हातात मिळणार नाही. नियम योग्यच आहे. डुलकी लागलेल्या माणसाच्या मागे वीस हजार लिटर पेट्रोल असतं.

फोन केला. तोंडावर कुणीतरी पंजा दाबून ठेवलाय आणि वर झोप म्हणतंय असं वाटतं, म्हणाला. मॅडम, तुम्ही एक दिवस लावून झोपून दाखवा, मी दुसऱ्या दिवसापासून लावतो. मी शेऱ्यात लिहिलं: मास्क सहन होत नाही, समुपदेशन आवश्यक.

बुधवार, १२ तारीख

ॲपमध्ये मी सुचवलेली सोय आजपासून सुरू झाली. नाव 'सोबती'. झोपेत मास्क निघाला की घरातल्या एका माणसाच्या फोनवर घंटा वाजते, म्हणजे तो जाऊन पुन्हा लावू शकेल. सूर मीच निवडले, चढत जाणारे तीन. कानाला बरे वाटतात.

सत्तेचाळीसने सोबती म्हणून आईचा नंबर दिला. तासाभरात त्या बाईंचाच फोन. पोरी, घंटा जरा मोठी होते का गं, मागे धुणं धूत असले की ऐकू येत नाही. मी मोठी करून दिली. सिस्टर ऐकत होत्या. म्हणाल्या, तुझं लग्न झालेलं नाही, म्हणून तुला असल्या कल्पना सुचतात.

मंगळवार, १८ तारीख

सत्तेचाळीस सलग सहा दिवस सहा तासांच्या वर आहे. साहेबांनी मीटिंगमध्ये त्याचा आलेख पडद्यावर लावला. हजेरीच्या वहीवर कुणीही सही ठोकेल, पण मशीनला श्वास लागतो, आणि श्वास खोटा काढता येत नाही, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. मला बरं वाटलं, हे नोंदवते.

जेवणानंतर बाकीचे आकडे पाहिले. श्वास थांबणं अडतीसवरून शून्यावर. हे उपचाराने होऊ शकतं. पण एका श्वासातली हवा सहाशे दहा मिलिलीटर होती, ती तीनशे ऐंशी झाली आहे. मिनिटाला तेरा श्वास होते, ते एकोणीस झाले आहेत. उपचाराने घसा उघडतो. छाती लहान होत नाही.

साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आकड्यांत भुतं शोधू नकोस म्हणाले.

शुक्रवार, २१ तारीख

घरभेट. दुपारी एक वाजता, न कळवता.

तळमजल्यावर एकामागे एक दोन खोल्या. दार आईने उघडलं. कंपनीतून आले म्हटल्यावर हात धरून आत नेलं. तुमच्यामुळे आमचं घर मार्गी लागलं, त्याची गाडी हातातून गेली नाही, असं दोनदा म्हणाल्या. क्रमांक ४७ समोर जमिनीवर बसून टीव्ही बघत जेवत होता. टक्क जागा.

मी सवयीने फोन उघडला. क्रमांक ४७. मास्क चालू. तीन तास बारा मिनिटं. श्वास एकोणीस.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने ताटाकडे पाहिलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि मागून आमच्या मशीनचा आवाज येत होता.

आत कोण आहे, असं विचारलं. सूनबाई, आई म्हणाल्या. चौथा महिना लागलाय, सारखं मळमळतं, पडून असते बिचारी. तिलाही त्या हवेनं गार वाटतं, असं म्हणून तो हसला. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा गप्प झाला.

मग माझ्या फोनवरची रेघ सपाट झाली. मास्क निघाला होता. त्याच क्षणी ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून माझे तीन सूर वाजले, मोठ्या आवाजात. आलेच हं, असं म्हणून आई आत गेल्या. दार लावून घेतलं. बाई बोलत असल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, मग हाताचा आवाज. एकच. त्याने टीव्ही मोठा केला.

नऊ सेकंदांनी रेघ पुन्हा हलू लागली. श्वास एकतीस.

आई बाहेर आल्या. चहात साखर किती, विचारलं. मी एक चमचा म्हटलं. चहा प्यायले. पूर्ण. निघताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

सोमवार, २४ तारीख

सकाळी आल्याबरोबर क्रमांक ४७ ची घंटा माझ्या टेबलावरून बंद केली. घंटा वाजली नाही तर तिला कुणी मारणार नाही, असा हिशोब.

दुपारी आईंचा फोन. घंटा का वाजत नाही? दुरुस्ती चालू आहे, असं खोटं सांगितलं. मग म्हणाल्या, असू दे, आम्ही केलीये सोय. तुम्ही पोरींनी आपापल्या नोकऱ्या सांभाळाव्यात.

बुधवार, २६ तारीख

मास्क सोमवारी एकदाही निघाला नाही. मंगळवारी नाही. आज सात तास, एकदाही नाही.

आलेख सिस्टरना दाखवला, घरभेटीचं सगळं सांगितलं. त्यांनी जेवणाचा डबा बाजूला सारला. म्हणाल्या, सात तासांत माणूस निदान नाक तरी खाजवतो, नवी. हिचे हात कुठे आहेत?

घरभेटीचं सगळं सांगितलं. वॉर्डात त्यांचा एक नियम होता म्हणे: ज्याला मास्क स्वतःच्या हाताने काढता येत नाही त्याला तो लावून सोडून जायचं नाही. उलटी झाली तर ती मास्कमध्येच राहते, आणि मशीन दाबाने तीच आत ढकलतं. आणि ही तर चौथ्या महिन्यातली.

घंटा पुन्हा चालू केली. आता ती वाजणार कशाने.

शुक्रवार, २८ तारीख

साहेबांकडे गेले. रुग्णाची माहिती बाहेर गेली तर काय होतं ते माझ्या करारात लिहिलेलं आहे, पान चार. टँकरवाल्यांचे अजून साठ ड्रायव्हर आपल्याकडे यायचेत. पुरावा काय, तर तू एक आवाज ऐकलास. लेखी दे, वर पाठवतो, असं म्हणाले.

सिस्टर म्हणाल्या, चल, आत्ता जाऊ, रिक्षाचे मी देते. मी म्हटलं, आधी लेखी देते. नियमाने झालेलं बरं.

त्या पर्स उचलून एकट्याच गेल्या.

तासाभराने परत आल्या. दार उघडलं नाही कुणी. आतून टीव्ही चालू होता. वाटेत चौकीवर सांगितलं तर म्हणे, घरच्या कुणाची तक्रार आणा.

मला एकदाही 'नवी' म्हणाल्या नाहीत.

रविवार, ३० तारीख

सुट्टी. आलेख बघायचा नाही असं ठरवलं होतं.

नऊला पाहिला. दहाला. साडेदहाला—

श्वासांच्या मध्ये लहान लहान खड्डे. खोकला असावा. किंवा रडणं. मशीन दोन्ही सारखंच मोजतं.

पत्राचा पहिला मसुदा केला. फाडला. 'बांधून ठेवलं आहे' असं लिहिलं होतं. पाहिलेलं नाही मी. पाहिलेलं तेवढंच—

सोमवार, ३१ तारीख

सिस्टर आल्या नाहीत. पुन्हा तिकडेच गेल्या असतील. फोन लागत नाही.

११:४० — रेघ एकदम वर गेली. मग अर्धीच. पुन्हा वर. मशीन दाब वाढवतंय. घसा मिटलाय असं त्याला वाटतंय. दाब आठ. नऊ. दहा.

११:४३ — आईंचा फोन वाजतोय. उचलत नाहीत. त्याचाही. मागे धुणं—

११:४५ — श्वास अकरा. हवा एकशे वीस.

साहेब मीटिंगमध्ये. दारावर टकटक केली. हाताने थांब म्हणाले. मग विचारलं, पत्र आणलंस का?

लिहितेय. इथेच लिहितेय, मग टाईप करीन. माननीय विभागप्रमुख. रुग्ण क्रमांक ४७ चा मास्क अन्य व्यक्तीला लावला जात असून तिला तो काढता येत नाही, अशी माझी खात्री— शक्यता. अशी शक्यता आहे.

११:४९ — श्वास सात.

सदर व्यक्ती गरोदर असून

११:५१ — चार. दाब कमाल. मशीनच्या लेखी अजूनही मास्क चालू, तीन तास सव्वीस मिनिटं.

माझ्याकडे पत्ता आहे. खाली रिक्षा उभ्या असतात. पंधरा मिनिटं लागतील. पंधरा— पत्र पुरं करते आणि—

तरी याबाबत काय करावे, याचे लेखी उत्तर मला गुरुवार, ३ तारखेपर्यंत मिळावे, ही विनंती. आणि त्याआधी कुणीतरी त्या घरी