काचेच्या भांड्याचा तपासणी अहवाल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या वेळी अक्षरशः साष्टांग. पत्र लिहायला बसण्याआधी फरशीवर पालथा पडून घातला आणि कुणाचा हात न धरता उठलो. हिने आतून डोकावून 'काय सांडलं?' एवढंच विचारलं.) आजवर माझ्या पत्रांत 'वाकायची मनाई असल्यामुळे नमस्कार मनोमन' असं असायचं आणि तू तेही गोड मानून घेत आलीस. असो. तुझी तब्येत कशी आहे? हा प्रश्न मी दर पत्रात विचारतो आणि पुढच्याच ओळीत माझी तब्येत सुरू करतो, हे हिने परवा माझ्या लक्षात आणून दिलं. म्हणून या वेळी खाली एक ओळ मोकळी सोडतो. त्यात तुझी तब्येत आहे असं समज.

. . . . . . . . . .

आता माझी.

तुला सगळं ठाऊक आहेच, पण पुढचं समजायला पहिल्यापासून सांगायला हवं. बाविसाव्या वर्षी नोकरीच्या तपासणीत त्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, भुवया वर केल्या आणि म्हणाले, थोडा आवाज येतोय, जपा. चार शब्द. त्या चार शब्दांवर मी बेचाळीस वर्षं काढली. आईने त्या दिवसापासून मला पाण्याची बादली उचलू दिली नाही. तू मला 'काचेचं भांडं' म्हणायला लागलीस, तुझी पोरं 'काचमामा' म्हणायला लागली. ऑफिसात बढती आली ती तिसऱ्या मजल्यावर, म्हणून मी तळमजल्यावर आवक-जावकच्या खिडकीतच राहिलो, आणि निरोप समारंभात साहेबांनी माझ्या चिकाटीचं कौतुक केलं. (चिकटून होतो हे खरंच.) घरसुद्धा मी तळमजल्यावर घेतलं. तुझ्याकडे यायचं म्हणजे लिफ्ट नसलेले तीन मजले, तेव्हा तुझे दोघे चिरंजीव मला खुर्चीत बसवून वर नेतात. धाकट्याला मागे एकदा कमरेत उसण भरली होती, तेव्हा मी त्याला फोनवर सांगितलं होतं की बाबा रे, आपल्याला झेपेल एवढंच उचलावं.

तर गेल्या महिन्यात हिच्या गुडघ्याचं मलम आणायला आम्ही दोघं औषधांच्या दुकानात गेलो होतो. तिथे भिंतीवर एक कागद चिकटवला होता : साठीच्या पुढच्या, हृदयाचा त्रास असलेल्या व्यक्ती संशोधनासाठी हव्यात, तपासण्या मोफत, सहभाग ऐच्छिक. मी तो वाचून न वाचल्यासारखं केलं. हिने चष्मा लावला, नंबर उतरवून घेतला, घरी येऊन फोन केला आणि माझं नाव देऊन मोकळी झाली. मी किती अडचणीत सापडलो असेन याची कल्पना कर. कुठेही जायला नको म्हणायचं तर माझ्याकडे एकच कारण असतं, आणि इथे नेमकं तेच कारण घेऊन यायला सांगितलं होतं! 'घरात नाही तर नाही, निदान विज्ञानाच्या तरी उपयोगी पडा,' असं म्हणून हिने माझा धुतलेला शर्ट काढून ठेवला.

संशोधनाचा विभाग म्हणजे हॉस्पिटलच्या जुन्या भागात, लांबलचक बोळाच्या टोकाला एक खोली. बाहेर सहा खुर्च्या, एक गळकं पाण्याचं यंत्र आणि टेबलावर प्लास्टिकचं हृदय. ते उघडतं, पण त्याचा एक कप्पा कुणीतरी हरवला आहे. खुर्च्यांवर खरेखुरे हृदयरोगी. ताई, त्यांच्यातही मानपान असतो. एक स्टेंटवाला दोन स्टेंटवाल्याला सरकून जागा देतो आणि बायपासवाला आला की सगळेच उभे राहायच्या बेतात येतात. त्या दिवशीच्या बायपासवाल्याने (निवृत्त इंजिनचालक, मिशा अजून कामावर असलेल्या) मला विचारलं, तुमचं काय? मी म्हटलं, आवाज. सगळे आदराने गप्प झाले. मग तो म्हणाला, 'कसला?' तेवढ्यात माझं नाव पुकारलं म्हणून अब्रू वाचली.

आत एक तरुण मुलगी होती, अभ्यासाची सगळी व्यवस्था तीच बघते. तिने एकोणीस पानांचं संमतिपत्र पुढे ठेवलं आणि पान न् पान समजावून सांगितलं. त्यात लिहिलं होतं की सहभागी व्यक्ती केव्हाही, कोणतंही कारण न देता बाहेर पडू शकते. ते वाचून मला जरा लागलंच. मी आयुष्यभर सगळ्यातून बाहेर पडत आलो, पण कारण दिल्याशिवाय कधी नाही. मग तिचे प्रश्न. औषधं कोणती चालू आहेत? मी म्हटलं, जपतो. तिने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि 'काही नाही' असं लिहिलं. भावंडं? मी म्हटलं, एक थोरली बहीण, एकदम ठणठणीत, तिला कधी शिंकही आलेली नाही. तिने विचारलं, शेवटचं कधी विचारलंत त्यांना? मी ठासून सांगितलं, दर पत्रात विचारतो. (उत्तर काय येतं, हे तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.)

मग छातीला वायरी चिकटवून मला चालत्या पट्ट्यावर उभं केलं. मी आधी खुर्ची मागितली, पण त्या पट्ट्यावर खुर्ची ठेवता येत नाही म्हणे. पट्टा सुरू झाला, वेग वाढला, चढ वाढला. मी डोळे मिटून तुम्हा सगळ्यांची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि आता कोसळणार, आता कोसळणार म्हणत चालत राहिलो. कोसळणं काही जमेना. शेवटी यंत्रापाशी उभा असलेला माणूस म्हणाला, 'काका, बास झालं, मला जेवायला जायचंय.' त्यानंतर सोनोग्राफीसारख्या यंत्रावर डॉक्टरीण बाईंनी पडदा माझ्याकडे वळवून माझं हृदय मला दाखवलं. बेचाळीस वर्षं ज्याच्या जिवावर जगलो, त्याची ही भेट. ते आपलं निवांत धडधडत होतं. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या. बाई म्हणाल्या, झकास आहे. मी म्हटलं, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितलं. मी आवाजाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं की त्या वेळी ताप होता का. होता ताई. चार दिवस होता. तूच कपाळावर पट्ट्या ठेवत होतीस. तापात असा आवाज कधीकधी येतो आणि ताप गेला की जातो, असं म्हणून त्यांनी मला पुसायला कागद दिला. कागद छातीवरचा चिकट द्राव पुसण्यासाठी होता, मी डोळे पुसले.

हृदयरोगी म्हणून मी नापास झालो. पण त्या मुलीचा चेहरा उजळला. तुलना करायला त्यांना साठीच्या पुढची धडधाकट माणसंही हवी असतात आणि ती मिळता मिळत नाहीत म्हणे. अशा रीतीने तुझा काचेचा भाऊ परवापासून 'निरोगी गट, क्रमांक अकरा' झाला आहे. बाहेर येऊन मी सगळ्यात कडेच्या खुर्चीवर बसलो. परीक्षेत उगाच पहिला आलेल्या पोराकडे बघावं तसे सगळे माझ्याकडे बघत होते.

इथपर्यंत तू हसली असशील तर बरं, कारण पुढे हसण्यासारखं नाही. शेजारी एक बाई बसल्या होत्या, साधारण तुझ्याच वयाच्या. त्या दुसऱ्या बाईंना सांगत होत्या की दोन वर्षं जिना चढताना त्यांना दम लागायचा, पण घरी कुणाला कळू नये म्हणून प्रत्येक वळणावर थांबून त्या चपलेचा पट्टा नीट करायच्या. शेवटी मुलाला वाटलं चप्पलच खराब आहे, म्हणून त्याने नव्या चपला आणून दिल्या. सगळे हसले. मीही हसलो, आणि मधेच थांबलो.

ताई, मागच्या खेपेला तू मला घ्यायला खाली आली होतीस. पोरं मला खुर्चीवरून नेत होती आणि तू माझी पिशवी घेऊन मागून येत होतीस. पहिल्या वळणावर तू चष्मा पुसलास. दुसऱ्या वळणावर पुसलास. तिसऱ्यावर पुन्हा. मी वरून, खुर्चीत बसून, तुला म्हणालो होतो, 'अगं किती वेळ ताई, चहा थंड होईल!' वर पोचल्यावर तू भिंतीला टेकून उभी राहिलीस आणि सगळ्यांत आधी मला विचारलंस की मला काही त्रास तर झाला नाही ना.

त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला आई आठवली. तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा माझं घर तळमजल्यावर होतं, खोली रिकामी होती, आणि तुझं घर तीन जिने वर. तरी ती तुझ्याकडे गेली, कारण तिला रोज उचलावं लागणार होतं आणि मला उचलायची मनाई. चार वर्षं तू तिला उचललंस. ती गेली तेव्हा सकाळी सगळ्यांना कळलं आणि मला संध्याकाळी, चहा झाल्यावर, शेजारच्या डॉक्टरांना जवळ बसवून, बेताबेताने सांगितलं. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईला मी शेवटचं पाहिलं नाही. याचा राग मी इतकी वर्षं तुमच्यावर धरून होतो. आता वाटतं, काचेच्या भांड्याला कोण काय सांगणार? हे हृदय धड आहे हे मला तेव्हा माहीत असतं, तर ताई, आईला मी उचललं असतं. परवाच कळलं ना. आता काय उपयोग.

पत्र लांबलं. पोरांना आशीर्वाद. धाकट्याच्या कमरेची चौकशी केली म्हणून सांग.

तुझा आज्ञाधारक (हेही एकदा तपासून घ्यायला हवं),
काचेचं भांडं

ता. क. : खरं काम राहिलंच. त्या मुलीला मी तुझ्या चष्म्याचं सांगितलं. ती म्हणाली, अभ्यासाचं मागाहून बघू, आधी त्यांना डॉक्टरांना दाखवा, आणि उशीर करू नका. येत्या गुरुवारी सकाळी दहाची वेळ मी तुझ्या नावाने घेऊन ठेवली आहे. नंतर अभ्यासात जायचं की नाही ते तू ठरव, एकोणीस पानं तू स्वतः वाच. थोरल्याला फोन करून सांगितलं आहे. तुला मुद्दाम केला नाही, कारण 'मला काय धाड भरलीय' म्हणून तू फोन ठेवून देतेस. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचतेस. बुधवारी सकाळी मी तुला घ्यायला येतो.

आणखी ता. क. : वर 'परवाच कळलं' असं लिहिलं आहे ते खोटं आहे. बावीस वर्षांपूर्वी ऑफिसने मला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. त्यांनी असंच यंत्र लावलं आणि लिहून दिलं : हृदयात दोष नाही, सर्व कामं करण्यास हरकत नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी ते तीनदा वाचलं. आनंद व्हायला हवा होता, पण नोकरी गेल्यासारखं वाटलं. घरी आलो तर ही दारातच, काय म्हणाले? मी म्हटलं, जपा म्हणाले. तो कागद ट्रंकेच्या तळाशी होता, तो सोबत जोडला आहे. तारीख बघ. आईचं हाड मोडलं त्याच्या चार वर्षं आधीची आहे. परवा त्या पट्ट्यावर चढताना मी देवाजवळ मागत होतो की एवढ्या वर्षांत निदान थोडा तरी बिघाड झालेला असू दे. तेवढंही झालं नाही. ताई, माझं चुकलं. त्याला दुसरा शब्द नाही.

अगदी शेवटचं : हे सगळं मी हिला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, तो कागद मला त्याच महिन्यात सापडला होता, आणि आईंचं हाड मोडलं तेव्हा मी वन्संना सांगितलंही होतं. तू तिला म्हणालीस म्हणे, 'राहू दे. तो भितो. भिणाऱ्या हातांनी उचललं तर आई पडेल.' खुर्चीचं विचारलं तेव्हा म्हणालीस, 'खुर्चीत का होईना, येतो तरी. नाहीतर यायचाच नाही.' आणि संशोधनवाल्यांना तो फोन हिने माझ्यासाठी केलाच नव्हता, तुझ्यासाठी केला होता. जिन्यात तुझ्यामागून चढताना तिने तुला चष्मा पुसताना पाहिलं होतं. मला सांगून उपयोग नव्हता, म्हणून म्हणे मी धड आहे हे यंत्राकडून सांगवलं, म्हणजे तरी मी तुझ्याकडे बघेन.

म्हणजे ताई, तुला माहीत होतं. माहीत असून तू माझी पिशवी घेऊन तीन जिने चढत होतीस.

बुधवारी तू खाली उतरू नकोस. पोरांना खुर्ची काढू देऊ नकोस. मी जिन्याने येतो. तुझी बॅग भरून ठेव, आणि ताई, हलकी भरू नकोस. इस्त्री घाल, आईचा तो पितळेचा डबा घाल, सापडेल ते घाल. मला ती उचलायची आहे.