माझ्या फोनमधली खासगी नावे

५ एप्रिल, बिश्केक. आजपासून माझी माहिती माझ्यापाशीच. फोनला पासवर्ड घातला. तो एल्दियारलाही सांगणार नाही, पोटचा मुलगा असला तरी. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला फुकटची अॅप फसवू शकत नाहीत.

७ एप्रिल, सकाळी. शेजारची कानीमेत एका अॅपबद्दल सांगत होती. लोकांनी आपला नंबर कोणत्या नावाने साठवला आहे ते म्हणे त्यात दिसते. शुद्ध हेरगिरी! तिला चार शब्द सुनावले.

संध्याकाळी. अभ्यासापुरते घेतले. अटी पानेच्या पाने. पहिल्याच ओळीत व्याकरणाची चूक, म्हणून पुढे वाचले नाही. 'मान्य' दाबले.

लोकांच्या फोनमध्ये मी: 'बुरुलकान बाई', 'रसायन', 'उचलू नको'. शेवटचे आदरापोटी असावे.

९ एप्रिल. एल्दियार पांढराफटक. म्हणाला, "आई, तू सगळे नंबर त्या अॅपला देऊन बसलीस. तू ठेवलेली नावं आता ज्याची त्याला दिसतायत. बेगायिमच्या आईला, माझ्या होणाऱ्या सासूला, काय म्हटलंयस?"

'झुरा बरगडी.' पहिल्या भेटीत तिने मला मानाचे कंबरेचे हाड न वाढता बरगडी वाढली होती. नोंद केली, इतकेच.

"आणि बेगायिमला?"

'बेगायिम, तात्पुरती.' तेव्हा लग्न कुठे ठरले होते?

"रविवारी साखरपुडा, तुला तिच्या कानात डूल घालायचेत. तिने कान मागे घेतला की लग्न मोडलं. मग मलाही तात्पुरता म्हण."

१० एप्रिल. अॅप काढून टाकले. प्रश्न मिटला. एल्दियार म्हणतो, गेलेले परत येत नाही. बापावर गेलाय.

१२ एप्रिल, रविवार. झुराचे घर पाहुण्यांनी भरलेले. तिने स्वतः माझ्या ताटात बरगडी ठेवली. "घ्या विहीणबाई, तुमच्या लक्षात राहिलेली." कुणीतरी हसू खोकल्यात दडवले. मी खाल्ली.

डूल काढले, तर बेगायिमने केस कानांवर ओढले. "एजे," ती मोठ्या बाईला म्हणावे तसे आदराने म्हणाली, "आधी माझं नाव बदला."

एल्दियार गालिच्याकडे बघत बसलेला. माझा चष्मा घरी. फोन तिच्या हातात दिला. तिने पासवर्ड विचारला. मी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं, एजे."

मग वर्गात सांगावा तसा खणखणीत सांगितला. पोरासोरांनी लगेच म्हणून दाखवला. तिने नाव बदलले, केस मागे सारले आणि कान पुढे केला.

रात्री. चष्मा लावून पाहिले. 'बेगायिम, कायमची.' आईचे नाव मात्र तिने तसेच ठेवले आहे.

पासवर्ड ताबडतोब बदलायला हवा. कसा बदलतात, ते उद्या बेगायिमला विचारते.