श्वास रोखून

गंगापूर रोड, नाशिक
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आभा,

थोरल्या बहिणीने आशीर्वादाने सुरुवात करावी, म्हणून आशीर्वाद. इकडे थंडी पडू लागली आहे. तुझा फोन ज्ञानेश उचलतात आणि ‘मॅडम शूटिंगमध्ये आहेत’ एवढंच सांगतात. मॅनेजरशी बोलून कंटाळले, म्हणून हे पत्र थेट तुझ्या घरी पाठवते आहे.

तुझ्या नावाचा परफ्यूम इथे जोरात चाललाय. दुकानाबाहेर तुझा मोठा फोटो लागलाय, कानामागे जास्वंद, मागे समुद्र. मालिकेतली आभा आपल्या नाशिकची, म्हणून बँकेतल्या मुली रोज तोच मारून येतात. चाफा, अनंत, अननस, नारळ, सगळं एकदम नाकात शिरतं. त्या विचारतात, छान आहे ना मॅडम? मी छान म्हणते.

आई बरी आहे. म्हणजे, आता बरी आहे.

जाहिरातीत तू म्हणतेस, ‘हा माझ्या आईच्या ओंजळीतला सुगंध.’ कुठली ओंजळ, आभा? आपल्या घरात कधी उदबत्ती लागली नाही. गणपतीत कुणी केवडा आणला तर बाबा तो शेजारी देऊन यायचे. गॅदरिंगला मैत्रिणीचा सेंट लावून तू घरी आलीस आणि आईला धाप लागली, तेव्हा रडत रडत साबणाने मान घासून लाल केली होतीस. चौथीत होतीस. चौथीतल्या मुलीला आईचा दमा कळत होता.

मग त्या दिवशी काय झालं होतं तुला?

तुझी माणसं कॅमेरे घेऊन येणार, हे आईने मला सांगितलंच नाही. मी नको म्हणाले असते. मी बँकेत गेल्यावर ती मोरपंखी साडी नेसून तयार झाली, सोबतीला शेजारच्या सविताकाकूंना बोलावलं. पुढचं मला काकूंकडून कळलं. परफ्यूम मनगटावर आणि गळ्याशी मारा म्हटल्यावर आई म्हणाली, मला सोसत नाही, नुसती बाटली हातात धरते. त्या पोरांना मी दोष देत नाही, ती थांबली. त्यांनी तुला विचारायला फोन लावला, स्पीकरवर. तुझं उत्तर काकूंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“आई, एकदाच मार गं. श्वास रोखून धर, झालं.”

एकदाच कुठलं! कधी उजेड नीट नव्हता, कधी पदर. आईने दरवेळी श्वास रोखला आणि हसली. शेवटी डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठे त्यांच्या मनासारखं झालं. ती माणसं जिना उतरेपर्यंत आई दारात उभी राहून हात हलवत होती. मग तिथेच खाली बसली. पंप घेऊनही धाप थांबेना. मी पोहोचले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

आठवडाभर ती हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होती. मी ज्ञानेशना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या नावाने निशिगंधाचा गुच्छ आला. दम्याच्या बाईला, निशिगंध. नर्सने दारातूनच परत पाठवला. तो ज्ञानेशनी परस्पर पाठवला असेल, तर त्यांना आजच काढून टाक. तू पाठवायला सांगितला असशील, तर त्यावर काय लिहावं मला कळत नाही.

आता ती जाहिरात सगळीकडे आहे. खाली लोक लिहितात, आईचे आनंदाश्रू बघून आम्हीही रडलो. तू त्यांना लाल बदाम टाकतेस. ते आनंदाश्रू नाहीत, आभा. तिला श्वास मिळत नव्हता.

चार दिवसांपूर्वी तिला घरी आणलं. स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली की बसते. काल टीव्हीवर तीच जाहिरात लागली. मी बंद करायला उठले, तर आईने माझा हात धरला. शेवटपर्यंत पाहिली.

“आभाला आवडलं का गं माझं काम?” तिने विचारलं. “तिचा फोन नाही आला.”

इतकी वर्षं ‘ती कामात असेल’ म्हणून तुझी बाजू सावरत आले, काल तोंडून शब्द फुटला नाही. यापुढेही फुटणार नाही. उत्तर तुझं तू दे, तिच्यासमोर बसून. कॅमेरा नको, ज्ञानेश नको. आणि अंगाला काहीही न लावता ये, नाहीतर जिन्यातूनच परत पाठवीन.

दार मीच उघडते, हे लक्षात ठेव.

ताई