होडीचे डोळे

बाबा, आज सकाळी आईने तुमच्या लाकडी होडीला आंघोळ घातली आणि तेवढा वेळ मी देवघराच्या दारात जीव मुठीत धरून उभी होते.

मोठी होडी विकल्यापासून नारळी पौर्णिमेला आई या हातभर होडीचीच पूजा करते. समुद्रावर जाणं बंद झाल्यावर तुम्ही चिखल्याच्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून कोरलेली, तीच. तांब्याभर पाणी ओतून आई ती बोटांनी चोळते, तान्ह्या बाळाला चोळावं तशी. निळा रंग टिकला, पण नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना तुम्ही काढलेले डोळे तुम्ही गेल्यापासून दरवर्षी थोडे थोडे निघत गेले. यंदा आई म्हणाली, "आंधळ्या होडीपुढे नारळ कसा ठेवू गं? तू एवढी शिकलीस, काढ की डोळे."

मला ब्रश धरता येत नाही. एकदा मी हट्टाने मोठ्या होडीचा डोळा काढायला घेतला होता. तुम्ही मागे उभे आहात, विडी विझलेली, आणि मी ब्रश टेकवून पुन्हा उचलतेय. "दे इकडे," तुम्ही म्हणता, "भीत भीत काढलास तर ती पण भेदरलेली दिसेल." तो ब्रश तुम्ही काढून घेतलात, तो मी पुन्हा कधी मागितला नाही.

म्हणून मी डोळा छापायचं ठरवलं. तुमचा आणि मोठ्या होडीचा एक जुना फोटो आहे, त्यातला डोळा कॉम्प्युटरवर साफ केला. एक खास कागद मिळतो. त्यावर छापायचं, वर वॉर्निशचा फवारा मारायचा, सुकलं की कापून पाण्यात ठेवायचं. मग कागदावरून कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा सुटतो, तो बोटाने हव्या त्या जागी सरकवायचा. पहिल्यांदा वॉर्निश वाळायच्या आत भिजवलं आणि वाटीत नुसती शाई पसरली. दुसऱ्यांदा डोळा नीट बसला, पण प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पांढऱ्याच्या जागी होडीचा निळा दिसू लागला.

"अगो बाय, ही तर मडम झाली!" आई हसत सुटली. "आता हिला इंग्रजीत हाक मारू काय?"

मला हसू आलं नाही. तलासरीला ऑफिसात बसूनही तेच डोक्यात. खाली पांढरा ठिपका रंगवून पुन्हा चिकटवलं, वर वॉर्निशचे हात मारले. तरी एक भीती जाईना: जे पाण्याने सुटतं ते पाण्यात टिकेल का? आईच्या अंगठ्याखाली डोळा निघून आला, तोही आजच्या दिवशी, तर ती काय समजेल? तिला मी सांगायला हवं होतं, चोळू नकोस म्हणून. पण आंघोळ घालू नकोस असं तिला कोण सांगणार? आणि छापलेला डोळा पूजेला चालतो का, हेही मी तिला विचारलं नाही. नाही म्हणाली असती तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

तिने पाणी ओतलं. उजवा डोळा चोळला, डावा चोळला. दोन्ही राहिले. मग होडी तोंडाजवळ नेऊन ती बराच वेळ बघत बसली. अलीकडे तिला जवळचंही धूसर दिसतं.

"त्यांचा डावा असाच होता ना गं?"

"हो," मी म्हटलं. तिने कुंकू लावलं, नारळ ठेवला.

बाबा, फोटोत होडीची एकच बाजू आहे. डावा डोळा मी उजवाच उलटा करून छापला. तुम्ही काढलेला डावा कसा होता ते मला आठवत नाही. आईलाही आठवत नाही, म्हणूनच तिने मला विचारलं, हे मात्र मला "हो" म्हणून झाल्यावर कळलं.