डोणीवरचा नळ

मालगुंड, ५ एप्रिल २०२५

चि. श्रद्धास आशीर्वाद, किती ते तूच मोज.

फोनवर तू नुसतं हो-हो करतेस आणि मागे तुझं टायपिंग वाजतं, म्हणून पत्र. गोठ्याशी नळ आला. तुझ्या आईचे गुडघे आता विहिरीवरून कळशा आणू देत नाहीत. जागा मी अशी शोधलीय की भल्याभल्यांना सुचली नसती. पंपाच्या स्टार्टरखाली अर्थिंगचा खड्डा आहे ना, नेमका त्यावर नळ आणि नळाखाली पवळीला पाणी प्यायची डोण. आपला कातळ उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, अर्थिंग लागत नाही. वायरमन बाळा दर वर्षी सांगतो, खड्ड्यात रोज पाणी घाला. आता सांडलेलं आपसूक तिथेच जातं. एका हाताने मोटर चालू करा, दुसऱ्याने डोण भरा.

फक्त पवळीचं बिनसलंय. गाभण गाय, पण डोणीशी तोंड नेते आणि मागे सरते. शेजारचा धाकू म्हणतो दृष्ट लागली. मिरच्या ओवाळून झाल्या.

आंबा यंदा कमी, लोभ तेवढाच.

आप्पा

डोंबिवली, ११ एप्रिल

ती. आप्पा, सा. न. आणि वि. वि. म्हणजे विनंती, ती खाली आहे.

एक हात मोटरवर आणि दुसरा पाण्यात, हे मी ऑफिसातल्या मेंटेनन्सच्या सुजयला वाचून दाखवलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, नळ स्विचपासून लांब हवा, आणि अर्थिंगच्या खड्ड्यावर जनावर कधी उभं करू नये. कुठे वायर खराब झाली तर करंट तिथेच उतरतो, आणि तो गुराला माणसाच्या आधी कळतो. तुम्हाला कसा कळणार, तुमच्या पायात रबरी चपला.

विनंती अशी: लाइट जाते तेव्हा पवळी पिते का, बघा. तोवर डोण हलवा. हे फोनवरच सांगणार होते, पण मी रागावायला लागले की तुमची रेंज जाते.

लोभ वाढवायच्या आधी नळ हलवा.

श्रद्धा

मालगुंड, १६ एप्रिल

बाय श्रद्धा, पोटभर माया.

तुझं पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं, घडी केली नि देवामागे ठेवलं. म्हणाले, मुंबईकडे राहून पोरगी घाबरट झाली. पण काल दुपारी लाइट गेली तेव्हा पवळीने अख्खी डोण संपवली.

आणि मलाही कळतं गो. गोठ्यात मी चपला घालत नाही. लक्ष्मीची जागा, तुझी आजीही घालायची नाही. मोटर चालू असली की नळाशी तळपायाला मुंग्या येतात. वाटलं, गुडघ्याचंच दुखणं खाली उतरलं. परवा हातातून बादली सुटली. पण नळ त्यांनी माझ्यासाठी बसवलाय, एकट्याने कातळ फोडून. तो चुकला असं कुठल्या तोंडाने सांगू? तूही सांगू नको.

जेवत जा वेळेवर.

आई

डोंबिवली, १९ एप्रिल

ती. आईस नमस्कार, माफी त्याच्यातच.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच बाळाला फोन केला. तो मिरजोळ्यात कामावर होता. म्हणाला, आधी मेन स्विच पाडायला सांग, मी निघतोच. मेन पाडायचं सांगितलं तेव्हा आप्पांची रेंज गेली नाही, माझा आवाज ऐकूनच बहुतेक.

तू सांगू नको म्हणालीस, मी सगळं सांगितलं. आप्पांचं मन दुखेल. दुखू दे. दुखलेल्या मनाची समजूत काढायला तू तरी असशील.

तुझी, तू रागावलीस तरी,
श्रद्धा

मालगुंड, २ मे

श्रद्धास आशीर्वाद, रागासकट.

मोटरची केबल उंदराने कुरतडलेली निघाली. उघडी तार स्टार्टरच्या लोखंडी पेटीला टेकलेली, आणि तिथून करंट सरळ खड्ड्याच्या ओल्या मातीत. बाळा मला टेस्टर दाखवत होता, मी तुझ्या आईचे पाय बघत होतो.

केबल बदलली. करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसवला. खड्ड्याभोवती चिरे रचले, गुरांना आता तिकडे जाता येत नाही. नळ गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेला, फणसाखाली, प्लास्टिकच्या पाइपने, पाणी उलट्या बाजूला उतरेल असा. या वेळी जागा मी शोधली नाही. घमेल्यात पाणी घेऊन पवळीलाच फिरवलं. जिथे ती मान वर न काढता प्यायली, तिथे नळ.

तू इतके दिवस का बोलली नाहीस, असं तुझ्या आईला मी विचारलं नाही. रबरी चपला मात्र आणल्या. तिने त्या गोठ्याच्या दाराबाहेर नीट लावून ठेवल्या आणि अनवाणीच आत गेली. आता मीही माझ्या चपला तिच्या चपलांशेजारी काढतो, आणि नळाशी आधी मी जातो.

लोभ आहेच. रेंजही आहे. रविवारी फोन कर.

आप्पा