पुढची कड

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग मनातच समज, उजवा गुडघा वाकत नाही.

गुडघा बदलून घरी येऊन सहा दिवस झाले. नवा गुडघा उत्तम बसला असं डॉक्टर म्हणतात. त्यांचं उत्तम मी रोज सकाळी पाहतो. पाय भोपळ्याएवढा सुजलाय, रंग सडक्या वांग्याचा. वीतभर चीर आहे, तीही शिवलेली नाही, कागदाला मारतात तशा पिना मारल्यात. त्या सारख्या अंतरावरही नाहीत. मी असं काम केलं असतं तर मालकाने खुर्ची माझ्या तोंडावर फेकली असती. मलमाचा वास उशीला लागलाय, पांघरुणाला लागलाय, चहासुद्धा त्याच वासाचा लागतो.

सगळ्यात किळस येते ती संडासाच्या खुर्चीची. बैठकीला भोक, खाली बादली. खुर्च्यांच्या रिकाम्या चौकटी वेताने विणून भरण्यात जन्म गेला, आणि आता या भोकावर बसायचं. वर तुझी भावजय शेजारणीसमोर विचारते, पोट साफ झालं का. माझी अब्रू त्या बादलीतून रोज बाहेर जाते.

व्यायाम करून घेणारी पोरगी अकराला येते. गुडघा दाबते आणि मी कळवळलो की शाब्बास आजोबा म्हणते. तिने सांगितलं, मांडी घालणं, उकिडवं बसणं, जमिनीवर बसणं कायमचं विसरा. ताई, मी जमिनीवर बसून, चौकट दोन्ही पावलांत धरून विणतो. पाय धरतात म्हणून वेताला ताण येतो. हे तिला समजावलं तर म्हणाली, मग काम बदला. सदुसष्टाव्या वर्षी मी काय बदलू?

मालक येऊन गेला. सभागृहाच्या बारा खुर्च्या आल्यात. फेब्रुवारी संपेपर्यंत थांबेन, नाहीतर प्लास्टिकच्या तयार जाळ्या ठोकून देईन, असं स्वच्छ सांगून गेला. प्लास्टिक! जमतंय का बघा म्हणून एक चौकट आणि वेताची जुडी ठेवून गेला. ती समोर आहे. तिच्याकडे बघवत नाही आणि दुसरीकडे नजर जात नाही. मला कामावर घेतलं नाही तर मी घरात काय करू, तुझ्या भावजयीच्या पायात पायात येऊ?

चौथीनंतर कोणी शिकवलं नाही, तेव्हा चुका सुधारून वाच. लोभ आहे तेवढा राहू दे, सूज तेवढी उतरू दे.
तुझा भाऊ

दि. १७ जानेवारी

चि. किरकिऱ्यास,
अ. आ. दोन जास्तच, गुडघ्यासाठी.

तुझं पत्र मी जेवता जेवता उघडलं, ही माझी चूक. आता महिनाभर या घरात वांगं येणार नाही. लहानपणी लस टोचायला बाई आली की तू धान्याच्या कोठीमागे दडायचास आणि शेवटी शिंकून सापडायचास. अजून तसाच आहेस.

त्या पोरीचं ऐक. दुखलं तरी वाकव, ओरडलास तरी चालेल. पण एक सांगते. ती चौकट समोर आहे, घरात दुपारी कोणी नसतं आणि मी तुला ओळखते. खाली बसून बघू नकोस.

माझ्या भावजयीला धीर दे. आजारी तू आहेस, पण बादली ती उचलते. माझी माया कमी होत नाही, तू कितीही कुरकुर.
ताई

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तेही उभ्यानेच.

पत्राला उशीर झाला, पेन सापडत नव्हतं. पिना काढल्या, एकवीस निघाल्या. एकेक वाटीत टण्‌ करून पडे आणि माझे दात आंबत. काठी घेऊन दारापर्यंत जातो. चौकटीला हात लावलेला नाही.

तुझी भावजय हल्ली कमी बोलते, कारण कळत नाही. ती पोरगीही शाब्बास म्हणत नाही. दिवस मोजतोय. लोभ आटू देऊ नकोस.
तुझा भाऊ

दि. १० फेब्रुवारी

चि. किरकिऱ्यास,
अ. आ., पण रागाने.

पेन सापडत नव्हतं काय? भावजयीचं पत्र तुझ्या आधी दोन दिवस पोचलं. ती बाजारात गेली आणि तू भिंतीला पाठ घासत खाली बसलास. सात ओळी विणल्यास. मग उठता येईना. तीन तास तसाच, धोतर ओलं करून. तिला एकटीला तू उचलवेनास, ती पोरगी आली तेव्हा दोघींनी तुला पलंगाला धरून उभं केलं. आणि तू दोघींना काय म्हणालास, ताईला कळवाल तर याद राखा. तरी त्या पोरीने तुझे पाय पुसून दिले. तुझी किळस तिला आली नाही, तुला कशाला एवढी येते?

सात ओळी ढिल्या होत्या, हेही भावजयीने लिहिलंय. म्हणजे जमिनीवर बसूनही ते पाय आता धरत नाहीत. मग तू खाली जाऊ नकोस, चौकट वर आण. मालकाकडे सुतार आहे ना? लाकूड आवळून धरायचे लोखंडी शिकंजे त्याच्याकडे असतीलच. लाज सोडून विचार. माझा जीव तुझ्यात आहे म्हणून ओरडते.
ताई

दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आता थोडा वाकून.

परवापासून कामावर आहे. सुताराने टेबलाला दोन शिकंजे बसवले. माझ्या पायांचं काम लोखंडाला दिलं म्हणून आधी शिसारी आली. पण ताण पायांपेक्षा चांगला येतो. हे कबूल करणं जड जातं, तरी लिहितो. मालकाने दोन खुर्च्या पाहून प्लास्टिकचा विषय सोडला. तुझी भावजय बोलू लागली, मी माफी मागितली. त्या पोरीचीही.

पण खरी किळस आता आली, आणि ती मला माझ्या कामाची आली. टेबलाशी खुर्चीवर बसून विणायचं, म्हणून मीच विणलेली जुनी खुर्ची घेतली. तासाभरात मांड्यांना वळ उठले. पुढच्या कडेला मी मजबुतीसाठी वेताची पट्टी दुहेरी घालतो. तिचा उंचवटा सुरीसारखा रुततो. बेचाळीस वर्षं मी लोकांना त्यावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसून त्यांच्याकडे बघत राहिलो. कोणी एक शब्द बोललं नाही. विणून झालेल्या दोन्ही खुर्च्यांची कड मी उसवली. मालक म्हणाला, भूल डोक्यात चढली. चढू दे.

तुझ्याकडे माझ्या हातची एक आहे. चोवीस वर्षं तू तिच्यावर बसतेस. तुलाही टोचते का? माझी शपथ, खरं लिही. लोभ तुटणार नाही.
तुझा भाऊ

दि. ५ मार्च

चि. किरकिऱ्यास,
अ. आ.

टोचते. पहिल्या दिवसापासून. मी उशी घेऊन बसते आणि पाहुण्यांना पलंगावर बसवते. सांगितलं नाही, कारण ती डोक्यावर घेऊन तू आलास तेव्हा दारातच म्हणालास, अशी कड दुसरा कोणी घालून दाखवू दे. आणि ते खरंच होतं.

उद्या खुर्ची टेम्पोने पाठवते. आधी ती बारा कर, मग माझी.
ताई